देवाला ड्यूटी लावणारा एलिया

“सगळी म्हणजे किती, बाबा? सगळीच चिंता देवावर टाकायची, की थोडी आपल्याकडे ठेवायची?”

एलिया भांबळने हे विचारलं तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते आणि देवदानबाबा अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते.

बाबांनी एक शेंग फोडली. तीन दाणे निघाले. दोन टोपलीत टाकले, एक तोंडात टाकला.

“तुला काय वाटतं?”

एलिया खुर्चीत सावरून बसला. असं कुणी विचारलं की त्याला बरं वाटायचं.

“तसं म्हणाल तर बाबा, या विषयावर मी आजवर अकरा वेळा संदेश दिलाय. चर्चच्या मंडळीत चिंतेवर बोलायचं असलं की मलाच उभं करतात. मागच्या महिन्यात तर बोलता बोलता आठ जण रडले.”

“आणि तू?”

“मी… मी मधल्या गीताच्या वेळी बाहेर जाऊन आलो.”

“कशाला?”

“घरी फोन करायला. गॅस बंद केलाय का, विचारायला.”

“होता?”

“होता.”

बाबांनी मान डोलावली. आणखी एक शेंग फोडली.

“तेव्हा बायबलातली वचनं सांगू नका, बाबा. वचनं मला पाठ आहेत.”

“मग माझ्याकडे काय उरलं?” बाबांनी इकडंतिकडं बघितलं. “चहा घेतोस?”

*

हा एलिया भांबळ चौतीस वर्षं एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होता. खिडकीत बसायचं, गाड्यांच्या वेळा पुकारायच्या, ड्रायव्हर-कंडक्टरला ड्यूटी लावायची, हे त्याचं काम. ते त्याने चोख केलं. पण गाडी दिसेनाशी झाली की त्याच्या पोटात खड्डा पडायचा. समोरून येणारी गाडी दहा मिनिटं उशिरा आली, तर तेवढ्या दहा मिनिटांत त्याने ती पुलावरून खाली घातलेली असायची, पंचनामा केलेला असायचा आणि शोकसभेत काय बोलायचं तेही ठरवलेलं असायचं. मग गाडी यायची. चौतीस वर्षांत सगळ्या गाड्या आल्या. पण त्यावरून एलिया काही शिकला नाही.

निवृत्त झाल्यावर गाड्या संपल्या. पोटातला खड्डा तेवढा राहिला.

बायकोचं नाव मार्था. बायबलातली मार्था पुष्कळ गोष्टींची काळजी करणारी. या घरात मात्र ते खातं नवऱ्याने आपल्याकडे घेतलं होतं. मार्थाबाई शांत. दूध उतू गेलं तर पुसून काढणाऱ्या.

आणि यंदा त्यांची एकुलती एक लेक, नाओमी, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली.

मग काय विचारता! एलियाने घरापासून तालुक्याच्या दवाखान्यापर्यंतचे गतिरोधक मोजले. एकवीस भरले. त्यातला एक जास्तच उंच आहे म्हणून ग्रामपंचायतीला अर्ज दिला. गल्लीतला रिक्षावाला ठरवून ठेवला आणि एका रविवारी, उपासना झाल्यावर, मार्थाबाईंच्या पोटावर उशी बांधून रंगीत तालीम घेतली. मार्थाबाई कशाबशा रिक्षात चढल्या, पण कोपऱ्यावर पाळकीणबाई भेटल्या, आणि त्यांनी अभिनंदन केलं. त्या दिवसापासून मार्थाबाईंनी तालमीला नकार दिला.

पहाटे उठून तो नाओमीच्या दाराशी उभा राहायचा. ती श्वास घेते आहे का, ऐकायचा. ती जागी व्हायची. मग तो विचारायचा, “जागी का? काही होतंय का?”

तीन आठवडे हे चाललं. चौथ्या आठवड्यात नाओमीने बॅग भरली.

“पप्पा या घरात राहणार असतील तर मी बाळंतपणाला सासरी जाते,” ती म्हणाली. आणि रडायला लागली.

तेव्हा मार्थाबाईंनी नवऱ्याच्या हातातून मोबाईल काढून घेतला, डोक्यावर हेल्मेट ठेवलं आणि सांगितलं, “देवदानबाबांकडे जा. शांती मिळाल्याशिवाय घरी येऊ नका.”

“आणि मध्येच काही झालं तर?”

“बाबांच्या फोनवर कळवीन. अजून अठरा दिवस आहेत. जा.”

म्हणून तो आला होता.

*

देवदानबाबा अल्हाट या भागातले जुने पाळक. आधी पायी, मग सायकलवर, असे चाळीस वर्षं वाड्यावस्त्यांवर फिरले. बारशी, लग्नं, मयती, सगळं त्यांच्याच हातून झालं. आता वय ब्याऐंशी. वस्तीच्या टोकाला दोन खोल्यांचं घर, दारात कडुनिंब. लोक अडचण घेऊन यायचे. बाबा सल्ला देत नसत. त्यामुळे लोक पुन्हा यायचे.

चहा झाला. बाबांनी मूठभर शेंगा एलियाच्या पुढ्यात ठेवल्या.

“फोड.”

एलिया फोडू लागला. पण लक्ष सगळं कडुनिंबाकडे. कारण बाबांचा मोबाईल खिळ्याला अडकवलेल्या पिशवीत, त्या झाडावर लटकत होता. वस्तीवर रेंज तेवढ्या जागीच यायची.

“बाबा, फोन वाजला तर इथं ऐकू येतो?”

“येतो.”

पाच शेंगा झाल्या.

“चार्ज आहे ना?”

“असावा.”

एलिया उठला, झाडापाशी गेला, पिशवीत डोकावला, परत आला. बाबांच्या शेंगा चालूच होत्या. तीन शेंगांनंतर तो पुन्हा उठला. चौथ्या खेपेला बाबा म्हणाले, “एलिया, खुर्ची झाडाखालीच नेतोस का? माझ्या कोंबड्या घाबरतात.”

एलिया ओशाळला. पण खुर्ची नेली.

तिथून तो मोठ्याने बोलू लागला, कारण आता दोघांत अंतर पडलं होतं.

“बाबा, मी उपास केले. तीन शुक्रवार!”

“मग?”

“उपासात आणखी विचार येतात! पोट रिकामं, डोकं भरलेलं!”

“मग जेवत जा.”

“मी गुडघे टेकून तासभर प्रार्थना करतो!”

“काय म्हणतोस?”

एलिया तोंड उघडणार, इतक्यात त्याच्या कानापाशी फोन वाजला.

आठ महिने ज्या फोनची वाट पाहिली, तो हाच असणार हे त्याला लगेच कळलं. पिशवी थरथरत होती. एलिया तिच्यापेक्षा जास्त थरथरत होता. त्याने हात वर केला… आणि खाली घेतला.

“घे की,” बाबा म्हणाले.

“तुम्ही घ्या.”

“तुझाच असेल.”

“म्हणूनच म्हणतो, तुम्ही घ्या!”

बाबा गुडघ्यांवर हात ठेवून उठले. धोतर झटकलं. झाडापाशी आले. पिशवीतून फोन काढला, तो उलटा होता, सुलटा केला.

“कोण? मार्था का? सलाम, सलाम… हो, इथंच आहे… अस्सं… कधी?… बरं… नाही, चहा झाला… शेंगा ना? यंदा बऱ्या आहेत, पाठवतो थोड्या…”

एलियाने कडुनिंबाला मिठी मारली होती.

बाबांनी फोन पुन्हा पिशवीत ठेवला.

“नाओमीला कळा सुरू झाल्यात. दवाखान्यात पोचल्यासुद्धा दोघी. मार्था म्हणते, सावकाश या.”

“पोचल्या? कशा? रिक्षा तर मी… तो रिक्षावाला…”

“भाजीचा टेम्पो चालला होता म्हणे तिकडे. पुढच्या सीटवर बसून गेल्या.”

“टेम्पोतून!” एलिया ओरडला. “एकवीस गतिरोधक! टेम्पोतून!”

कोंबड्या पळाल्या.

*

एलियाच्या स्कूटरच्या डिकीत प्रथमोपचाराची पेटी होती, दोन जादा प्लग होते, क्लचची तार होती, दोरी होती, शिट्टी होती. स्कूटर मात्र सुरू होईना.

त्याने किक मारली. पुन्हा मारली. स्कूटर आडवी करून पुन्हा उभी केली. प्लग बदलला. पंचविसाव्या किकेला त्याच्या कपाळावरून घाम ओघळू लागला आणि तो रडवेला होऊन म्हणाला, “बघा! आजच! आजच ही बंद पडायची होती!”

“चावी,” बाबा म्हणाले.

चावी एलियाच्या खिशात होती.

त्याने ती लावली. तिसऱ्या वेळी ती भोकात गेली. एका किकेत स्कूटर सुरू झाली. एलिया बसणार, तर बाबांनी हँडलवर हात ठेवला आणि स्कूटर बंद केली.

“बाबा, वेळ नाही!”

“आधी प्रार्थना कर.”

आता प्रार्थनेला नाही कसं म्हणायचं? एलिया मंडळीचा पंच होता. त्याने हेल्मेट काढलं, डोळे मिटले आणि खिडकीत बसून गाड्या पुकारायचा त्याच आवाजात सुरुवात केली.

“हे स्वर्गीय बापा! तालुक्याच्या दवाखान्यात, पहिल्या मजल्यावर, जिन्याच्या डाव्या हाताला, माझी मुलगी नाओमी आहे. डॉक्टरीणबाई दुपारी जेवायला घरी जातात, आज त्यांना जाऊ देऊ नकोस. जोडीला नर्स सिनियर असू दे, ती नवी उंच मुलगी नको. रक्त लागलं तर ओ पॉझिटिव्ह, दोन बाटल्या तयार असू देत. लाईट जाऊ नये. गेलीच तर जनरेटर चालू व्हावा. जनरेटरमध्ये डिझेल…”

“आमेन,” बाबा म्हणाले.

एलियाने एक डोळा उघडला. “बाबा, माझं अजून झालं नाही.”

“कळलं मला. म्हणूनच म्हटलं.”

“पण डिझेलचं…”

“एलिया, तू बापाशी बोलतोयस, का ड्रायव्हर-कंडक्टरला ड्यूटी लावतोयस?”

एलियाने दुसराही डोळा उघडला.

कोंबड्या परत येऊन दाणे टिपू लागल्या होत्या.

“मग… मग काय म्हणू?”

“खरं असेल ते म्हण.”

“हे सगळं खरंच आहे. जिना डाव्या हातालाच आहे.”

बाबा हँडलवर हात ठेवून तसेच उभे राहिले.

एलियाने पुन्हा डोळे मिटले. अकरा वेळा दिलेला संदेश आठवला, त्यातलं एक वाक्य पुढं येईना.

“मी… घाबरलोय,” तो शेवटी म्हणाला. पुकारायचा आवाज कुठल्या कुठं गेला होता.

“मला सांगू नकोस. मला दिसतंय. त्याला सांग.”

“बापा… मी घाबरलोय.” आणि मग जे आलं ते त्याने ठरवलेलं नव्हतं. “मागच्या वेळी मी तिथं नव्हतो.”

*

हे मागच्या वेळेचं एलियाने सत्तावीस वर्षांत कुणापाशी काढलं नव्हतं. मार्थापाशीही नाही.

नाओमीच्या आधी त्यांना एक मुलगा झाला होता. झाला, तो रडलाच नाही. एलिया तेव्हा स्टँडवर ड्यूटीला होता. यात्रेच्या जादा गाड्या सोडायच्या होत्या. निरोप आला तेव्हा त्याने सांगितलं, एवढी एक गाडी लावून येतो. मग दुसरी लागली. तो पोचला तेव्हा दोन तास उलटले होते आणि मार्थाबाई भिंतीकडे तोंड करून निजल्या होत्या.

त्या दिवसापासून तो पहारा देत होता. गॅसवर, गतिरोधकांवर, नाओमीच्या श्वासावर. एकदा डोळा चुकला तर काय होतं, हे त्याने बघितलं होतं.

“मी असतो तर…” एलिया म्हणाला.

देवदानबाबा हळूच म्हणाले, “मी होतो.”

एलियाने डोळे उघडले.

“मी होतो तिथं, एलिया. मार्थाच्या उशाशी बसून होतो. सुईणबाई होती, डॉक्टर होते. सगळे जागे होते. सगळ्यांचं लक्ष होतं…” बाबांनी हात पालथे केले. “कुणालाच काही करता आलं नाही. तू असतास तर तुलाही आलं नसतं.”

एलिया स्कूटरच्या सीटवर टेकला.

बराच वेळ गेला… म्हणजे घड्याळात दोनच मिनिटं असतील. पण त्या दोन मिनिटांत एलियाने घड्याळ बघितलं नाही. असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

मग त्याने वर बोट केलं. “आणि तो? तो कुठं होता तेव्हा?”

“मीही विचारतो त्याला.”

“अजून?”

“अजून. ती एवढीशी पेटी याच हातांनी मातीत ठेवली होती मी. विचारणार नाही?”

“काय म्हणतो?”

“अजून काही म्हणाला नाही.” बाबांनी चष्मा काढून उपरण्याने पुसला. त्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली होती. “पण त्यालाच विचारतो. दुसरीकडे विचारायला जात नाही.”

एलियाने नाक शिंकरलं. हेल्मेट घातलं.

“चल,” बाबा म्हणाले, आणि सरळ स्कूटरवर मागं चढून बसले.

“तुम्ही कुठं?”

“तालुक्याला. ही चष्म्याची काडी बसवून घ्यायचीच होती.”

*

वस्तीपासून तालुका एकोणीस किलोमीटर. पहिल्या दोन किलोमीटरांत एलियाने स्कूटर अशी हाणली की मागून बाबांचं उपरणं झेंड्यासारखं फडफडत होतं. तिसऱ्या किलोमीटरला त्याच्या पाठीला काहीतरी जड टेकलं. मग घोरण्याचा आवाज आला.

बाबा झोपले होते!

एलियाने वेग कमी केला. “बाबा!” उत्तर नाही. “बाबा, पडाल!” घोरणं एका लयीत चाललेलं. त्याने स्कूटर बाजूला घेतली, डिकीतून दोरी काढली आणि बाबांना आपल्या कमरेशी बांधून घेतलं. दोरी शेवटी कामाला आली याचं त्याला क्षणभर समाधान वाटलं.

आता ब्याऐंशी वर्षांचा पाळक पाठीला बांधलेला असताना माणूस किती वेगाने जाणार? वीसच्या वर काटा नेता येईना. सायकलवाले पुढं गेले. एक बैलगाडी बराच वेळ बरोबरीने चालली. गाडीवानाने विचारलं, “म्हातारबुवा आजारी आहेत का?”

“नाही. झोपलेत.”

“अन् बांधलंय कशाला?”

एलियाने हॉर्न वाजवला.

पहिला गतिरोधक आला. सवयीने तो “एक” म्हणणार होता. पण तोंडातून निघालं, “बापा, मी घाबरलोय.” स्कूटर हलकेच वर चढली, हलकेच उतरली. बाबांचं डोकं पाठीवर एकदा आपटलं आणि पुन्हा स्थिरावलं.

दुसऱ्या गतिरोधकाला तेच म्हणाला. तिसऱ्यालाही. मग मधल्या सपाट रस्त्यावरही म्हणू लागला. प्रत्येक वेळी शब्द तेच, पण आवाज उतरत गेला. वरून काही उत्तर येत होतं अशातला भाग नाही. रस्ता होता, दोन्ही अंगांना ज्वारी उभी होती, पाठीवर एका माणसाचा ऊबदार श्वास होता. ज्याला सांगायचं त्याला सांगून होत होतं, आणि तो कुठं जात नव्हता, एवढंच एलियाला जाणवत होतं.

सातव्या गतिरोधकानंतर त्याचा हिशेब चुकला. आणि चुकला हेही त्याच्या लक्षात आलं नाही.

*

दवाखान्याच्या पहिल्या मजल्यावर, जिन्याच्या डाव्या हाताला, मार्थाबाई बाकावर बसून केळं खात होत्या.

“आलात? एवढ्यात?” त्या म्हणाल्या. मग मागून कमरेला दोरी गुंडाळलेले देवदानबाबा येताना दिसले, तेव्हा त्यांनी केळं खाली ठेवलं. “अहो, हे काय केलंत बाबांना?”

“ते राहू दे. नाओमी कशी आहे?”

“चांगली आहे. वेळ आहे अजून. बसा.”

“डॉक्टरीणबाई?”

“जेवायला गेल्यात.”

“आणि आत कोण आहे?”

“ती नवी उंच नर्स आहे ना, ती. फार मायाळू मुलगी आहे हो.”

एलियाने बाबांकडे बघितलं. बाबा दोरीची गाठ सोडवत होते.

“बसा,” मार्थाबाई पुन्हा म्हणाल्या.

“मी बसणार नाही. मी उभा राहीन. आज मी इथून हलायचा नाही. डोळ्याला डोळा लावायचा नाही,” एलियाने जाहीर केलं.

मार्थाबाईंनी त्याच्या हातात एक केळं दिलं. ते सोलायला तरी बसलं पाहिजे, म्हणून तो बसला. केळं अर्धं सोलून झालं. बायकोकडे न बघता तो म्हणाला, “मार्था, त्या वेळी मी… गाड्या सोडत बसलो.”

मार्थाबाई त्याच्याजवळ सरकल्या.

“मला माहीत आहे,” त्या म्हणाल्या. “सत्तावीस वर्षं वाट बघत होते, कधी बोलाल म्हणून.” आणि त्यांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

एलियाला खूप काही सांगायचं होतं. पण आधी दोन शब्द वर सांगावेत म्हणून त्याने डोळे मिटले. “बापा,” तो म्हणाला.

पुढचं वाक्य झालंच नाही.

आठ महिन्यांची साचलेली झोप होती ती. आधी मान कलली, मग खांदा, मग तो अख्खाच बाकावर आडवा झाला. अर्धवट सोललेलं केळं हातात तसंच. घोरणं असं की खालच्या मजल्यावरून वॉर्डबॉय बघायला आला. उंच नर्सने बाहेर येऊन विचारलं, “या पेशंटला कुठे दाखल केलंय?”

डॉक्टरीणबाई जेवून आल्या. लाईट गेली. जनरेटर सुरू झाला. लाईट आली. एलिया घोरत होता.

चार वाजून दहा मिनिटांनी आतून रडण्याचा आवाज आला. चांगला खणखणीत, सगळा मजला गोळा करणारा. मार्थाबाईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि त्या रडल्या, हसल्या, पुन्हा रडल्या. मग त्यांनी नवऱ्याला हलवलं.

“अहो! उठा! नात झाली!”

एलियाने कूस बदलली.

थोड्या वेळाने नाओमीला वॉर्डात नेताना स्ट्रेचर बाकापाशी थांबला. पोरगी दमलेली, केस कपाळाला चिकटलेले, कुशीत गुंडाळलेलं बाळ. मार्थाबाई पुन्हा नवऱ्याचा खांदा हलवू लागल्या, तर नाओमीने त्यांचा हात धरला.

“राहू दे, आई. नको उठवूस.” ती बापाकडे बघत राहिली. “मी पप्पांना झोपलेलं कधी बघितलंच नव्हतं. किती छान दिसतात!”

तिने आपल्या अंगावरची एक शाल काढून आईकडे दिली.

*

एलियाला जाग आली तेव्हा खिडकीतलं ऊन पिवळं झालं होतं. अंगावर शाल होती. डोक्याखाली कुणीतरी उशी सरकवली होती. तो क्षणभर तसाच पडून राहिला, कारण आपल्या छातीत काहीच धडधडत नाहीये हे त्याला फार नवीन वाटलं.

मग त्याला सगळं आठवलं.

“नाओमी!”

“वॉर्डात आहे,” शेजारी बसलेले देवदानबाबा म्हणाले. ते मधल्या वेळात बाजारात जाऊन आले होते. चष्म्याला नवी काडी होती आणि ते काच उजेडाकडे धरून बघत होते. “मुलगी झाली. साडेसहा पौंड. आवाज तुझ्यावर गेलाय.”

“कधी?”

“झाला तासभर.”

“सगळ्यांनी बघितली?”

“वॉर्डबॉयनेसुद्धा.”

एलिया ताडकन उठला आणि पुन्हा मटकन खाली बसला. हातातलं केळं काळं पडलं होतं. त्याने ते बघितलं, बाकाकडे बघितलं, शालीकडे बघितलं. त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला.

“बाबा, काय माणूस आहे मी! आठ महिने जागलो. दाराशी उभा राहून जागलो. आणि नेमक्या त्या घटकेला… मुलगी आत कळा देते आहे, आणि बाप बाहेर घोरतोय! लाईटसुद्धा गेली असेल!”

“गेली होती.”

“बघा! आणि मी झोपलो! बाहेर कुणी जागं नको का?”

देवदानबाबांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. नव्या काडीने तो सरळ बसला. त्यातून त्यांनी एलियाकडे नीट बघितलं आणि वर बोट केलं…

“एक जण होता की जागा. दोघांनी जागून काय केलं असतं?”